कुंपणाच्या आत, कुंपणाबाहेर : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील बांधकाम प्रकल्पांचे व्यवस्थापन

ठरलेल्या जागेवर, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या दर्जाचे काम कोणाच्याही जिवाला धोका न होता पुरे करून घेणे, याला बांधकाम प्रकल्पाचे व्यवस्थापन म्हणतात. त्याची तंत्रे जगभर सारखीच आहेत. प्रकल्प नेमका कुठे अडतो, हे मात्र प्रदेशाप्रदेशावर ठरते. पिंपरीपासून भोसरी, मोशीमार्गे चाकणपर्यंत आणि पश्चिमेला तळेगावपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात गेल्या सात दशकांत कारखाने, गृहसंकुले, पाणीयोजना, उड्डाणपूल आणि मेट्रो असे जवळजवळ सगळ्या जातींचे प्रकल्प उभे राहिले. त्यामुळे हा विषय तपासायला हा पट्टा सोयीचा आहे.

येथील दोन कामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. फोक्सवॅगन कंपनीने चाकणच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी नोव्हेंबर २००६ मध्ये करार केला आणि ३१ मार्च २००९ रोजी कारखान्याचे उद्‌घाटन झाले. म्हणजे जेमतेम अडीच वर्षे. याच परिसरातली वाहतूक वाहून नेणाऱ्या पुणे-नाशिक महामार्गाच्या नाशिक फाटा ते खेड या सुमारे ३० किलोमीटरच्या टप्प्यावर उन्नत मार्ग बांधायला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीची मंजुरी मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडला. माती तीच, पाऊस तोच, मजूरही त्याच भागांतून आलेले. कारखान्याच्या कुंपणाच्या आत मालक एक असतो. रस्त्यावर तो जागेगणिक बदलतो. या पट्ट्यातल्या प्रकल्पांच्या यशापयशाचा बराचसा उलगडा या फरकातून होतो.

पट्ट्याची घडण

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. त्यानंतर टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुट्या भागांच्या शेकडो लहान कारखान्यांची वस्ती वाढली. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका आणि १९९७ मध्ये सभोवारच्या गावांचा समावेश, अशा टप्प्यांनी शहराची हद्द आणि कारभार वाढत गेला. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. पुढच्या दशकात मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, महिंद्रा आले आणि एमआयडीसीचे एकामागून एक टप्पे महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली अशा गावांच्या शिवारात गेले.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, २०१५ मध्ये आले आणि २०२१ मध्ये जुन्या नवनगर प्राधिकरणाचे विलीनीकरण झाले. आज भोसरीतून चाकणला जाणारी एखादी जलवाहिनी किंवा वीजवाहिनी वाटेत महापालिका, पीएमआरडीए, एमआयडीसी, महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, चाकण नगरपरिषद आणि ग्रामपंचायती यांपैकी अनेकांच्या हद्दी ओलांडते. वाटेत लोहमार्ग, नदी किंवा लष्कराची जागा आली, तर त्यांची परवानगी वेगळी. नियोजनाची पहिली अडचण नकाशावरच दिसते.

जागा, माती आणि परवानग्या

कारखान्यासाठी एमआयडीसीचा भूखंड घेतला, तर जमिनीचा प्रश्न बहुतांशी सुटलेला असतो. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, आराखडे एमआयडीसीच मंजूर करते आणि ठरलेल्या मुदतीत बांधकाम करण्याचे बंधन असते. खासगी जमिनीवर मात्र सातबारा, फेरफार, वाटण्या, कुळकायद्याच्या नोंदी आणि रस्त्याचा हक्क ही सगळी साखळी तपासावी लागते. गावाकडच्या जमिनीला वारस अनेक असतात. त्यांतला एक जरी नंतर कोर्टात गेला, तरी काम थांबते.

माती परीक्षण हा खर्च टाळण्याकडे लहान बांधकामांचा कल असतो आणि तो महागात पडतो. हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टचा आहे. वर कुठे काळी माती, तिच्याखाली मुरूम, खाली कठीण खडक. पण हे थर एकाच भूखंडावरही वेगवेगळ्या खोलीला लागतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्याखाली न्यावा लागतो. खडक वर लागला तर ब्रेकर लावावा लागतो, आणि खोदाईच्या दरपत्रकात माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक यांचे दर वेगळे असल्याने तिथेच पहिला वाद उभा राहतो. भूखंडभर पुरेशी बोअर घेऊन थरांचा नकाशा आधी काढला, तर हा वाद बव्हंशी टळतो.

परवानग्यांची यादी कामाच्या जातीप्रमाणे बदलते. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची व नंतर चालवण्याची संमती, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची नकाशांना मान्यता आणि अग्निशमन विभागाचा दाखला लागतो. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. मोठ्या भाराची वीजजोडणी महावितरणकडून घ्यायची, तर उपकेंद्राची क्षमता आणि वाहिनीचा मार्ग हे प्रश्न आधी सोडवावे लागतात.

नदीकाठी पूररेषा पाहावी लागते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. इंद्रायणीकाठी चिखलीत निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयात तो कायम झाला होता. लोक राहायला आलेल्या पक्क्या घरांचा असा शेवट होतो, तेव्हा चूक विटा-सिमेंटची नसते. ती भूखंड घेतला त्या दिवसाची असते.

वेळापत्रक

कामांच्या आडव्या पट्ट्या काढून वेळ दाखवणारा तक्ता हेन्री गँट या अमेरिकी अभियंत्याने १९१० च्या दशकात रूढ केला. आजही साइट ऑफिसच्या भिंतीवर तोच टांगलेला असतो. पण कोणते काम कोणावर अवलंबून आहे, हे त्या साध्या तक्त्यात उमटत नाही. ती उणीव क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे सीपीएम, या पद्धतीने भरून काढली. ती १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या कामातून आली, आणि १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट ही तिची भावंड पद्धत तयार झाली. भारतीय मानक ब्यूरोने बांधकाम प्रकल्पांच्या व्यवस्थापनासाठी आयएस १५८८३ हे मानक काढले असून त्याचा पहिला भाग २००९ चा आहे.

चाकणमधल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शेडचे कल्पित उदाहरण घेतले, तर ही पद्धत स्पष्ट होते. माती परीक्षण आणि आराखड्यांना ४ आठवडे. त्यानंतर तीन कामे एकाच वेळी सुरू होतात : पाया आणि अँकर बोल्ट ८ आठवडे, लोखंडी सांगाड्याची कारखान्यात घडणी १० आठवडे, उच्चदाब वीजजोडणी आणि उपकेंद्र २० आठवडे. पाया आणि सांगाडा दोन्ही तयार झाल्यावर उभारणी ४, पत्रे ३, फरशीचे काँक्रीट ४, यंत्रे बसवणे ४ आठवडे. आणि वीज आल्यावर चाचणी २ आठवडे. सांगाड्याच्या मार्गाने बेरीज ३१ आठवडे होते, पायाच्या मार्गाने २९, विजेच्या मार्गाने २६. सर्वांत लांब मार्ग ३१ चा, म्हणून तोच निर्णायक. पायाला २ आठवड्यांची आणि विजेला ५ आठवड्यांची सवड आहे.

आता पायात कठीण खडक लागून ३ आठवडे जास्त गेले, तर पायाचा मार्ग ३२ आठवड्यांचा होतो आणि तोच निर्णायक बनतो. पाया वेळेत झाला, पण वीजजोडणी ६ आठवडे लांबली, तरी परिणाम तोच : शेड उभी, यंत्रे बसलेली आणि सगळे विजेची वाट पाहत बसलेले. निर्णायक मार्ग असा मधेच बदलतो, म्हणून वेळापत्रक एकदा काढून भागत नाही. ते दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ताजे करावे लागते. दुसरेही एक दिसते. पाया आणि सांगाडा ठेकेदाराच्या हातात आहेत, वीज नाही. ज्या कामाची सवड सर्वांत मोठी दिसते, त्यावरच नियंत्रण सर्वांत कमी असते.

या पट्ट्याचे पंचांगही वेळापत्रकात उतरवावे लागते. पाया मृग लागण्याआधी जमिनीच्या वर आणायचा, ही जुनी शहाणीव अजून खरी आहे. खड्ड्यात पाणी भरले की उपसा, गाळ आणि पुन्हा खोदाई असा तिहेरी खर्च होतो, आणि काळ्या मातीत क्रेन रुतते. होळीला, दिवाळी-छठला आणि सुगीला मजूर गावी जातात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी निविदा आणि वर्क ऑर्डरी थबकतात. हे सगळे आधीच माहीत असते, तरी ‘अनपेक्षित विलंब’ म्हणून अहवालात तेच येते.

प्रगती मोजताना झालेला खर्च आणि झालेले काम यांची गल्लत होते. समजा, १० कोटींच्या कामात सहा महिन्यांअखेर ५ कोटींचे काम व्हायला हवे होते. झाले ४ कोटींचे, आणि त्यावर खर्च झाला साडेचार कोटींचा. वेळेचा निर्देशांक ४ भागिले ५, म्हणजे ०.८, खर्चाचा ४ भागिले ४.५, म्हणजे सुमारे ०.८९. काम मागेही आहे आणि महागही पडते आहे. नुसता खर्च पाहिला असता, तर ‘जवळजवळ वेळेवर’ असा समज झाला असता.

करार आणि पैसा

सरकारी कामाचा रस्ता ठरलेला आहे : अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, करार, वर्क ऑर्डर. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत बी-१ म्हणजे अंदाजपत्रकी दरांवर टक्केवारीने कमी-जास्त बोली, बी-२ म्हणजे बाबनिहाय दर. झालेल्या कामाची मापे मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत चढतात, त्यावर रनिंग बिल निघते, त्यातून अनामत कापली जाते आणि ती दोषदायित्वाच्या मुदतीनंतर परत मिळते. मापे वेळेवर चढली नाहीत, तर ठेकेदाराचा पैसा अडकतो, मग मजुरांची मजुरी थकते आणि साइट ओस पडते. कामे रेंगाळण्याचे कारण अनेकदा या साखळीत असते.

फार कमी दराने घेतलेले काम सुरुवातीला स्वस्त वाटते. पुढे सिमेंट-पोलादाचे भाव वाढले आणि करारात भाववाढीचे कलम नसले, की ठेकेदार काम मंदावतो किंवा जादा बाबी काढून तोटा भरून काढू पाहतो. खासगी कारखानदार म्हणूनच एकरकमी करार किंवा आराखड्यापासून उभारणीपर्यंतचा ईपीसी करार पसंत करतात. त्यात जोखीम ठेकेदाराकडे जाते. पण मालकाने मधेच यंत्राची जागा बदलली, तर तो बदल महाग पडतो.

मेट्रोच्या दोन मार्गांत कराराचे दोन निराळे नमुने दिसतात. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्ग महामेट्रो या केंद्र-राज्याच्या संयुक्त कंपनीने सरकारी पैसा आणि कर्ज यांतून बांधला. हिंजवडी ते शिवाजीनगर हा २३.३ किलोमीटरचा, २३ स्थानकांचा मार्ग पीएमआरडीएने खासगी भागीदारीतून, ३५ वर्षांच्या सवलत-कराराने दिला. त्याचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले. पैसा कोणाचा, हे दोन्हींत वेगळे असले, तरी जागा मिळवून देणे आणि रस्त्याखालच्या वाहिन्या हलवणे ही जबाबदारी दोन्हींत सरकारी यंत्रणांकडेच राहते.

माल आणि दर्जा

एका स्लॅबच्या दिवसात दर्जा, वेळ आणि वाहतूक कशी गुंतलेली असते, ते पाहण्यासारखे आहे. समजा, ६० घनमीटरचा स्लॅब आहे. सेंटरिंगचे टेकू, सळयांमधले अंतर, कव्हर ब्लॉक आणि वीजनळ्या तपासून अभियंत्याने सही केल्यावरच ओतकाम सुरू होते. ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या १० खेपा लागतात. तयार काँक्रीटचे मानक आयएस ४९२६ सांगते की भरल्यापासून साधारण २ तासांत मिक्सर रिकामा झाला पाहिजे. सेट होणे लांबवणारे रसायन घातले, तरच जास्त वेळ चालतो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात गाड्या अडकल्या, की ही मुदत रस्त्यातच संपू लागते. तेव्हा चालकाने पाणी घालून माल पातळ करायचा मोह आवरला पाहिजे, कारण वाढीव पाणी ताकद खाते. दोन खेपांमध्ये फार अंतर पडले, तर आधीचा थर सेट होतो आणि दोन थरांमध्ये कोल्ड जॉइंट राहतो. पुढे तिथूनच गळती सुरू होते. म्हणून येथील अनेक साइट्स मोठे ओतकाम रात्री किंवा पहाटे घेतात.

आयएस ४५६ : २००० प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला ४ नमुने आणि त्यापुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. म्हणजे या स्लॅबला ५ नमुने, प्रत्येकी ३ प्रमाणे १५ क्यूब. ते २८ दिवसांनी दाबून पाहायचे. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकायचे नाही. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस पाणी मारायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी आणि ६ मीटरपेक्षा मोठ्या तुळईचे २१ दिवसांनी काढायचे. वेळापत्रक घाईचे असले, की पहिली कात्री पाण्याच्या आणि टेकूंच्या दिवसांना लागते. म्हणून हे दिवस वेळापत्रकात स्वतंत्र काम म्हणून लिहिलेले बरे.

मालाचा पुरवठाही बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून असतो. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यानंतर दगड दळून केलेली कृत्रिम वाळू रूढ झाली. खडी मोशी परिसरासारख्या भागांतल्या खाणींतून येते. खाणींवर कारवाई झाली किंवा क्रशर बंद पडले, की साइटवरचा साठा चार दिवसांत संपतो. साठवायला जागा नसलेल्या शहरी साइटला हा फटका आधी बसतो.

माणसे आणि त्यांचा जीव

या पट्ट्यात मजूर मराठवाडा, सोलापूर, उत्तर कर्नाटक येथून येत असत. आता बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, ओडिशातूनही येतात. बिगारी मजूर अड्ड्यावरून मिळतो, पण गवंडी, फिटर, सेंटरिंगवाला हे मुकादमाच्या टोळीबरोबर येतात आणि टोळी गेली की जातात. २०२० च्या टाळेबंदीत टोळ्या गावी परतल्या आणि साइट्स बंद पडल्या. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांच्या राज्य नियामक संस्थेने, तेव्हा नोंदणीकृत प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती.

बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने कल्याण मंडळ, बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर, ५० हून अधिक स्त्री-कामगार असल्यास पाळणाघर आणि ५०० कामगार असल्यास सुरक्षा समिती अशी चौकट घातली. मंडळाच्या लाभासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दर दोन-तीन महिन्यांनी साइट बदलणाऱ्या मजुराला तो जमवणे अवघड जाते, आणि उपकर गोळा होऊनही लाभ पोचत नाही.

अपघातांत उंचावरून पडणे, खोदाईची माती कोसळणे, विजेचा धक्का आणि अंगावर वस्तू पडणे ही नेहमीची कारणे. दापोडीत १ डिसेंबर २०१९ रोजी जलनिस्सारण वाहिनीसाठी खणलेल्या खड्ड्यात एक मजूर मातीखाली अडकला. त्याला काढायला अग्निशमन दलाचे जवान उतरले, तेव्हा माती पुन्हा कोसळली. मजूर आणि एक जवान दोघेही गेले. आयएस ३७६४ नुसार दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार हवा, आणि खणलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जास्त अंतरावर टाकायची. अरुंद रस्त्यात तेवढी जागा मिळत नाही. मग रस्ता बंद करणे किंवा माती लगेच उचलून नेणे, हे अंदाजपत्रकातच धरावे लागते. ते धरलेले नसते, म्हणून माती काठावर राहते.

भोसरीत ऑक्टोबर २०२४ मध्ये मजुरांच्या वसाहतीतली नव्याने बांधलेली तात्पुरती पाण्याची टाकी कोसळून पाच कामगारांचा मृत्यू झाला. टाक्या, परांच्या, सेंटरिंग, लेबर कॅम्प ही कामे तात्पुरती म्हणून त्यांचे आराखडे कोणी काढत नाही आणि तपासतही नाही. खरे तर भार त्यांच्यावरही पूर्णच येतो. जबाबदार अभियंत्याची सही मुख्य बांधकामाइतकीच तात्पुरत्या बांधकामालाही लागली पाहिजे.

कुंपणाबाहेरची कामे

पुणे मेट्रोचा प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रोने २००९ मध्ये तयार केला. केंद्राची मंजुरी आणि पायाभरणी डिसेंबर २०१६ मध्ये झाली. पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हा ७ किलोमीटरचा, ५ स्थानकांचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. कागदावर सात वर्षे गेली, जमिनीवर पाच. हा टप्पा आधी झाला, कारण तो जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या रुंद पट्ट्यावरून, उन्नत आणि तुलनेने मोकळ्या जागेतून जात होता. पुढचे तुकडे १ ऑगस्ट २०२३ आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाले. सोपा तुकडा आधी पुरा करून चालू करण्याची ही पद्धत लोकांना लवकर उपयोग देते. पण मार्ग पिंपरीतच थांबवल्यामुळे निगडीपर्यंतच्या सुमारे साडेचार किलोमीटरसाठी पुन्हा वेगळी मंजुरी घ्यावी लागली. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाली. पुण्याच्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी पाडावे लागले. रस्ता आणि रेल्वे यांचे आराखडे वेगळ्या टेबलांवर झाले, की किंमत अशी मोजावी लागते.

पवना जलवाहिनीची कथा याहून कठोर आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यावर येते, तिथून उचलून निगडीत शुद्ध होते. वाटेतली गळती आणि प्रदूषण टाळण्यासाठी धरणापासून थेट बंद नळ टाकण्याची योजना जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत घेतली गेली. तांत्रिकदृष्ट्या ती सरळ होती. पण नदीत पाणी आले नाही, तर काठच्या शेतीचे आणि विहिरींचे काय, हा मावळातल्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता, आणि त्याला पटण्याजोगे उत्तर काम सुरू होण्याआधी मिळाले नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. काम थांबले, आणि ‘जैसे थे’चा सरकारी आदेश उठायला २०२३ साल उजाडले. दरम्यान शहर वाढत गेले आणि नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. पर्याय म्हणून आंद्रा धरणाचे १०० आणि भामा आसखेडचे १६७ दशलक्ष लिटर पाणी रोज आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. जोखमींच्या तक्त्यात ‘स्थानिक विरोध’ ही एक ओळ असते. येथे त्या ओळीने बारा वर्षे खाल्ली.

इतर प्रकल्पही असेच मार्गाच्या प्रश्नावर अडले. खेड-चाकण परिसरातला नियोजित विमानतळ स्थानिक विरोधानंतर पुरंदरकडे गेला. चाकणवरून जायची पुणे-नाशिक रेल्वे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून मार्ग बदलण्याच्या चर्चेत अडकली. तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळून चौघांचा मृत्यू झाला. नव्या पुलासाठी निधी मंजूर होता, पण पूल उभा राहिला नव्हता. मंजुरी आणि काम यांच्यामधल्या या रिकाम्या काळाची जबाबदारी कोणाच्याच वेळापत्रकात लिहिलेली नसते.

गृहप्रकल्प

कारखान्यांमागे वाकड, रावेत, मोशी, चिखली, चऱ्होली येथे गृहसंकुले आली. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ रोजी सुरू झाले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या आणि ८ पेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची झाली. ग्राहकांच्या पैशाचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर, कामाच्या प्रमाणातच काढता येतो. ताबा लांबला तर व्याज, आणि संरचनेतल्या दोषाची पाच वर्षे जबाबदारी. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत गुंतवण्याच्या जुन्या सवयीला यामुळे चाप बसला. विकासकाने जाहीर केलेली तारीख आता कायदेशीर वचन असल्याने वेळापत्रक विक्री विभागाऐवजी अभियंत्यांनी ठरवणे भाग पडते. मात्र इमारत वेळेत झाली, तरी तिच्यापर्यंतचा विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता, पाणी आणि जलनिस्सारण महापालिकेच्या हातात असते. नव्या संकुलांच्या दारांत दिसणारे टँकर विकासक आणि महापालिका यांच्यातल्या याच न जुळलेल्या सांध्याचे आहेत.

सांधे जुळवण्याची साधने

यंत्रणांमधले हे सांधे जुळवायला फार नवे तंत्र लागत नाही. पहिले साधन म्हणजे वर्क ऑर्डरीआधी जागा हातात असणे. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी आणि हायब्रीड अॅन्युइटी करारांत ८० ते ९० टक्के जागा मिळाल्याशिवाय काम सुरू झाल्याचे धरत नाहीत. महापालिकेच्या रस्त्यांना आणि वाहिन्यांना हाच नियम लागू करता येतो. दुसरे, जमिनीखालच्या वाहिन्यांचे सर्वेक्षण आणि त्या हलवण्याचा खर्च वेगळी बाब म्हणून अंदाजपत्रकात धरणे. तिसरे, दुसऱ्या यंत्रणेच्या हातातल्या प्रत्येक कामाला वेळापत्रकात स्वतंत्र ओळ देणे आणि त्या ओळीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद व तारीख लिहिणे. चौथे, ज्यांची जमीन किंवा पाणी जाणार आहे, त्यांच्याशी बोलणी आराखडा ठरण्याच्या टप्प्यावर करणे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन त्यासाठीच आणले. पाचवे, एकाच रस्त्यावर काम करणाऱ्या सर्व यंत्रणांचा एक नकाशा आणि एक खोदाई-पंचांग असणे, म्हणजे डांबर पडले की महिन्याभरात खोदाई, हा क्रम थांबेल. ही कामे सांभाळणारी माणसे तयार करण्याची सोयही जवळच आहे. बांधकाम व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी, १९८३ मध्ये स्थापन झालेली निकमार ही संस्था बालेवाडीत आहे.

नाशिक फाटा ते खेड हा आठ पदरी उन्नत मार्ग ७,८२७ कोटी रुपयांचा, बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर मंजूर झाला आहे. त्याचे खांब चालू महामार्गावर, भोसरी-मोशीच्या वस्तीतून आणि चाकणच्या चौकांतून उभे राहायचे आहेत. कारखान्यांचे कंटेनर, कामगारांच्या बस आणि काँक्रीटचे मिक्सर तेवढ्या काळात खालून जातच राहतील. खांब उभारण्याचे तंत्र या पट्ट्यातल्या ठेकेदारांना मेट्रोमुळे अवगत आहे. मुदत पाळली जाईल की नाही, हे जागेचे हस्तांतरण, वाहिन्यांचे स्थलांतर आणि वाहतूक वळवण्याचे आराखडे पहिला खांब उभा राहण्याआधी पुरे होतात की नाही, यावर ठरेल.